मायना

चौथीत हिंदीच्या बाई फळ्यावर पाच-सहा शब्द लिहायच्या आणि सांगायच्या, "इनके मायने लिखो." आम्ही वहीत शब्दासमोर आडवी रेघ ओढून अर्थ लिहायचो. त्याच दिवसांत एका रविवारी बाबांनी निळं अंतर्देशीय पत्र माझ्यापुढे सरकवलं. "खाली जागा सोडलीय. आजीला चार ओळी लिही. आधी मायना लिही." मी विचारलं, "कुणाचा मायना?" बाबा म्हणाले, "आजीचा."

भिलाईत सेक्टरच्या रस्त्यावर, शाळेत, कारखान्याच्या गेटवर हिंदी होती आणि क्वार्टरच्या उंबऱ्याच्या आत मराठी. उंबऱ्याबाहेर मायना म्हणजे अर्थ. आत मायना म्हणजे पत्राच्या आरंभी, मजकुराच्या आधी, नात्याप्रमाणे आणि मानाप्रमाणे केलेलं संबोधन. मला ते दोन वेगळे शब्द वाटायचे. तो एकच शब्द आहे, आणि ज्या वाटेनं तो मराठीत आला तीच वाट पुढे दुर्ग-भिलाईपर्यंत पोचते, हे फार उशिरा उमगलं.

मूळ शब्द अरबी. अर्थ, आशय, बोलणाऱ्याच्या मनातला हेतू, हे सगळं त्यात येतं. फारसीच्या आधारानं तो हिंदुस्थानात आला. उर्दू-हिंदीत त्याची ‘मानी’, ‘माने’, ‘मायने’ अशी रूपं झाली आणि अर्थ जागेवर राहिला. मराठीनं तो उचलला दख्खनच्या दप्तरांतून. बहामनी आणि पुढे आदिलशाही-निजामशाहीच्या कचेऱ्यांत मराठी कारकून बसत आणि कागदाशी जोडलेले शब्द त्यांच्या लेखणीतून मराठीत उतरत. पत्राचा आशय, मग पत्राचं ठरलेलं रूप, आणि शेवटी त्या रूपाची ओळख पटवणारा आरंभ, असा ‘मायना’चा प्रवास दिसतो.

त्याच्या भावंडांचंही असंच झालं. ‘मजकूर’ म्हणजे मुळात ‘उल्लेख केलेला’. जुन्या कागदांतल्या ‘मौजे मजकूर’मध्ये तो अर्थ शाबूत आहे, पण आपण मजकूर म्हणतो तो लिहिलेल्या गोष्टीला. ‘खत’ म्हणजे लिखाण. हिंदीत खत म्हणजे पत्र. मराठीत ते सरकारी कागदाकडे गेलं आणि खरेदीखत, गहाणखत झालं. भिलाईत शेजारच्या काकूंनी "खत आया है" म्हटलं की गावाहून आलेल्या पाहुण्यांना जमिनीचा कागद आठवायचा.

पत्र कसं लिहावं याचं शास्त्र मराठीत फारसीच्या आधीपासून होतं. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या नावावर ‘मेस्तक’ चालत आलं आहे. कागदाची मांडणी कशी करावी, कुणाला कोणत्या शब्दांनी गौरवावं, याचे ते नियम. पुढे शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून ‘राजव्यवहारकोश’ करून घेतला. राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत शब्द देण्याचा तो मोठा उद्योग, आणि त्यात लेखनवर्ग हा स्वतंत्र विभाग आहे. कारभाराचे पुष्कळ शब्द त्या काळात बदलले, पण घराघरात गेलेला मायना टिकला. लोकांनी त्याचं परकेपण कधीच विसरून टाकलं होतं.

मराठेशाहीतलं एखादं पत्र समोर धरलं की मायन्याचं काम कळतं. माथ्यावर ‘श्री’. मग बरोबरीच्या वा वरच्या माणसाला ‘राजमान्य राजेश्री अमुक गोसावी यांसी’, विद्वान ब्राह्मणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’, वैभवशाली सरदाराला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’. हाताखालच्या अंमलदाराला जुन्या आज्ञापत्रांत ‘मशरुल अनाम’. त्यानंतर लिहिणारा स्वतःची जागा सांगतो. कुणी साष्टांग नमस्कार घालतो, मराठा सरदार ब्राह्मणाला दंडवत लिहितो, ब्राह्मण त्याला आशीर्वाद लिहितो. ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे’ झालं की ‘विशेष’, आणि तिथून कामाचा मजकूर. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ आणि ‘लेखनसीमा’चा शिक्का, म्हणजे याच्यापुढे कुणी एक अक्षर घुसडू नये. वाचणाऱ्याला मजकुराच्या आधीच समजलेलं असे की ही आज्ञा आहे, विनंती आहे की बरोबरीच्या माणसाचं बोलणं.

हे जपणारा माणूस म्हणजे चिटणीस. ‘चिठ्ठी’ला फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा जोडून तो शब्द झाला. शिवछत्रपतींचे बाळाजी आवजी याच पदावर होते. कोणत्या सरदाराला कोणता मायना, हे चिटणीसाला पाठ असावं लागे. त्यात एक उपाधी गळली तर समोरचा अपमान समजे, आणि एक जास्त पडली तर त्यानं न मिळालेला हक्क सांगावा. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारात ज्या घराण्याकडे हे काम होतं, त्याच्या आडनावात तो ‘नवीस’ अजून पुरा ऐकू येतो: चिटणवीस.

हा मायना छत्तीसगढात आला तो नागपूरकरांच्या घोड्यांबरोबर. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन रतनपूरवर चालून गेले आणि हैहयवंशी राजानं हार मानली. त्याच वर्षी मराठ्यांनी दुर्गला आपलं ठाणं केलं. तिथल्या जुन्या मातीच्या किल्ल्यावर त्यांनी खंदकाची छावणी उभारली आणि तिथून सगळा छत्तीसगढ घेतला. आजच्या भिलाईतून दुर्गला जायला अर्धा तास पुरतो. या मुलखात मराठी कागद लिहिला जाऊ लागला तो त्या छावणीच्या दिवसांपासून.

पहिले रघुजी भोसले १७५५ च्या फेब्रुवारीत वारले आणि जानोजी, मुधोजी, बिंबाजी, साबाजी या चार मुलांत वाटणीचा प्रश्न आला. जानोजी आणि मुधोजी यांचा वाद पेशव्यांपर्यंत गेला. जानोजींना ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब मिळाला. मुधोजींना चांदा आणि ‘सेनाधुरंधर’ हा किताब. बिंबाजींच्या वाट्याला छत्तीसगढ आला. मुलूख वाटला गेला तसा मायनाही वाटला गेला, कारण किताब दिसायचा तो पत्राच्या पहिल्या ओळीत. जानोजींच्या पश्चात त्याच ‘सेनासाहेबसुभा’वरून मुधोजी आणि साबाजी एकमेकांसमोर उभे राहिले आणि १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. पत्राच्या पहिल्या ओळीतल्या एका शब्दासाठी भावानं भावावर शस्त्र धरलं. मायन्याला केवळ रीत म्हणणाऱ्यानं ही लढाई आठवावी.

बिंबाजी १७५८ च्या सुमारास रतनपूरला गेले आणि १७८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. छत्तीसगढात राहून राज्य करणारे ते पहिले भोसले. त्यांचा दरबार वेगळा होता आणि कारभार जवळजवळ स्वतंत्र. रतनपूरच्या टेकडीवर त्यांनी रामाचं देऊळ बांधलं. लोक तिला रामटेकरी म्हणतात आणि नागपूरकराला लगेच रामटेक आठवतं. दप्तरात मराठी भाषा आणि मोडी लिपी आली ती त्यांच्याच काळात. दसऱ्याला सोनं म्हणून पानं वाटण्याची चाल या भागात रुजवण्याचं श्रेयही छत्तीसगढचे इतिहासकार त्यांनाच देतात. पत्र या शब्दाचा पहिला अर्थ पान. एकाच माणसाच्या कारकिर्दीत इथे दोन्ही पत्रं हातोहात फिरू लागली, सोन्याची आणि मोडीची.

रतनपूर ते नागपूर ही वाट सोपी नव्हती. मध्ये दाट रान, डोंगर, पावसाळ्यात फुगलेल्या नद्या. मराठ्यांचे जासूद पत्रं घेऊन पायी धावत आणि बहुतेकदा जोडीनं जात. १७७८ मध्ये वॉरन हेस्टिंग्जचा वकील अलेक्झांडर एलियट कलकत्त्याहून मुधोजींकडे निघाला, तो १२ सप्टेंबरला सारंगढला तापानं वारला. नागपूरला पोचायचं बोलणं छत्तीसगढाच्या मातीत राहिलं. अशा वाटेवरून आलेलं पत्र उघडताना माणूस पहिली ओळ किती जपून वाचत असेल!

बिंबाजींनंतर नागपूरकरांनी छत्तीसगढ सुभेदारांकडे दिला. विठ्ठल दिनकर या सुभेदारानं परगणे पाडले आणि कमाविसदार, फडणवीस असे अंमलदार नेमले. फडणवीस हाही ‘नवीस’च, फर्द म्हणजे कागदाचे बंद लिहिणारा. छत्तीसगढच्या परगण्यापरगण्यात लेखणी घेतलेला एकेक माणूस बसला. १८१८ मध्ये मुलूख इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला. त्यांचा अधीक्षक अ‍ॅग्न्यू आला आणि त्यानं मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. १८३० मध्ये मुलूख पुन्हा तिसऱ्या रघुजींकडे आला. ११ डिसेंबर १८५३ ला ते वारले, वारस नाही म्हणून डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं आणि पत्राच्या पहिल्या ओळीवरून ‘सेनासाहेबसुभा’ उतरला.

त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १८५४ ला, देशभर एकसारख्या दराचं टपाल सुरू झालं. अर्ध्या आण्याचं तिकीट लावलं की हलकं पत्र कितीही दूर जाई. राजाच्या जासूदाशिवाय कुणाही माणसाला दूरच्या माणसाशी बोलता येऊ लागलं. १८७९ च्या जुलैत पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं आणि मायन्यानं अंग चोरलं. एवढ्याशा कार्डावर गौरवाचे समास मांडले तर मुलीच्या बाळंतपणाची बातमी कुठे लिहायची? दप्तरात आद्याक्षरांची सवय होतीच, कार्डानं ती घराघरात नेली. तीर्थरूप झालं ‘ती.’, चिरंजीव ‘चि.’, राजमान्य राजेश्री ‘रा. रा.’ शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष हे सगळं ‘शि. सा. न. वि. वि.’ एवढ्यात मावलं. अनेक उत्तम आशीर्वाद झाले ‘अ. उ. आ.’ सरदाराच्या पत्रातला सन्मान शेतकऱ्याच्या, मास्तराच्या, रेल्वेतल्या कारकुनाच्या पत्रात आला. राज्य गेलं तरी मायना जगला तो असा.

१८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगढकडे आगगाडी निघाली आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेनं हा मार्ग कलकत्त्याशी जोडला. भंडारा रोड, तुमसर, गोंदिया, दरेकसाचा बोगदा, डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग. जासूदाची वाट आता रुळांवर आली. राजधानी मात्र नागपूरच राहिली. मध्य प्रांताचं आणि वऱ्हाडाचं सरकार तिथे होतं आणि १९०६ मध्ये झालेल्या दुर्ग जिल्ह्याचे अर्ज, दावे, तक्रारी नागपूरलाच जात. १९२१ मध्ये मध्य प्रांताच्या विधिमंडळाचे पहिले अध्यक्ष झाले सर गंगाधरराव चिटणवीस, भोसल्यांची पत्रं लिहिणाऱ्या घराण्यातले. पुढे १९३७ पासून नागपूरच्या विधानसभेच्या अध्यक्षपदी बसले ते दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त. राज्यघटनेच्या हिंदी भाषांतराच्या समितीचे अध्यक्षही तेच. ज्या मुलखात मराठी कागद नागपूरहून जायचा, तिथला माणूस नागपूरला येऊन हिंदी कागदाला रूप देऊ लागला. त्याच नागपुरात डॉ. रघुवीर कारभारासाठी नवे संस्कृत शब्द घडवत होते आणि पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा रघुनाथपंतांचा उद्योग पुन्हा सुरू झाला होता.

२ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघ यांचा दिल्लीत करार झाला आणि दुर्गजवळच्या भिलाई या गावाचं नाव जगाला कळलं. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना तिथे उभा राहणार होता. लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येणार होतं आणि रेल्वेचा रूळ दारात होता. करार झाला तेव्हा भिलाईची राजधानी नागपूर होती. पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ ला सुरू झाली तेव्हा राजधानी भोपाळ झालेली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि दोनशे वर्षांची कागदाची वाट एका रात्रीत दुसरीकडे वळली. सरकारी पत्र नागपूरला जायचं थांबलं. त्या वाटेवर उरली ती घरची पत्रं.

आणि ती भरपूर होती. देशभरातून माणसं भिलाईला आली, तशी भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, वर्ध्याहूनही आली. फिटर, वेल्डर, क्रेनचालक, कारकून, मास्तर, नर्स. क्वार्टर मिळाला की पहिलं पत्र घरी जायचं, त्यात सेक्टर, रस्ता आणि क्वार्टर नंबर. १९५० मध्ये निघालेलं अंतर्देशीय पत्र या पिढीचं आवडतं. घडी घातली की तेच पाकीट. आतली तिन्ही पानं भरली की कडेच्या दुमडीवर आडवं लिहायचं, आणि उघडणाऱ्यानं घाई केली तर नेमकी तीच ओळ फाटायची.

१९७२ च्या स्वातंत्र्यदिनी पिनकोड आला. तो रचला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपालखात्यातले हे अधिकारी संस्कृतचे कवी होते. देशाचे विभाग पाडताना महाराष्ट्र, गोवा आणि तेव्हाचा मध्य प्रदेश यांना मिळून ४ हा पहिला आकडा मिळाला. नागपूर ४४ वर आलं, दुर्ग-भिलाई ४९ वर. २००० च्या नोव्हेंबरात छत्तीसगढ वेगळं राज्य झालं तरी आकडा तसाच आहे. राज्याच्या सीमा दोनदा फिरल्या, पण पाकिटावरचा तो चार अजून नागपूर आणि भिलाईला एका घरातलं मानतो.

भिलाईहून चाळीस किलोमीटरच्या आत राजनांदगाव. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. मराठी घरात जन्मलेले, हिंदीतले थोर कवी. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध नागपूरला राहून मराठीत लिहीत. एकाच आईची मुलं, एकाच रुळाच्या दोन टोकांना, दोन भाषांत मोठी झालेली. गजाननरावांचा आणि नेमिचंद्र जैन यांचा पत्रव्यवहार पुढे ‘पाया पत्र तुम्हारा’ या नावानं पुस्तकरूपात आला. या पट्ट्यातल्या मराठी माणसाला एक मन दोन भाषांत ठेवणं नवं नाही. आमच्या शाळेतला अर्ज ‘सेवा में’ असा सुरू व्हायचा आणि जुन्या मराठी पत्रांत ‘सेवेसी’ असायचं. दोन्ही लिहिताना हात एकाच मर्यादेनं चालायचा.

मायन्यात प्रेम आहे तशी कठोरताही आहे, हे मला आजीमुळे कळलं. आजोबा होते तोवर पत्रावर ‘ती. सौ. आईस’ असायचं. ते गेल्यावर नातलगांच्या पत्रांतून तिच्या नावामागे ‘गं. भा.’ आलं, गंगाभागीरथी. मायना समाजाच्या बाजूनं बोलतो. माणूस कुठे उभा आहे हे तो सांगतो आणि काही वेळा त्याला तिथेच बांधून ठेवतो. बाबांनी ती दोन अक्षरं कधी लिहिली नाहीत. पहिल्या पत्रात त्यांनी नुसतं ‘ती. आईस’ लिहिलं, ‘सौ.’ची जागा कोरी सोडून, आणि नंतरच्या पत्रांतून ती जागा आपोआप भरून गेली.

आजीला लिहिता येत नव्हतं. भंडारा जिल्ह्यातल्या तिच्या गावात शाळेचे गुरुजी तिचं पत्र लिहून द्यायचे. मजकूर गुरुजींच्या भाषेत उतरायचा: धान बरं आहे, पाऊस लांबला, गाय व्याली. पण मायना ती स्वतः सांगायची, शब्द न् शब्द. गुरुजींनी ‘अ. उ. आ.’ लिहिलं तर पुरं लिहायला लावायची. आशीर्वाद अर्धा लिहिला तर अर्धाच पोचेल, असं तिचं म्हणणं. म्हणून तिच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ लांब असायची, ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, आणि बाबा ती ओळ मोठ्यानं वाचायचे. बाकीचं पत्र गुरुजींचं होतं. आजी त्या ओळीत होती.

ती गेल्यावर तिची पत्र्याची पेटी भिलाईला आली. लुगड्यांच्या खाली आमची पत्रं वर्षवार सुतळीनं बांधलेली. त्यांत ते निळं पत्र सापडलं. वर बाबांचं सरळ अक्षर, ‘ती. आईस शि. सा. न. वि. वि.’ खाली सोडलेल्या जागेत माझं. मला आजीचा मायना लिहायला सांगितला होता आणि मी शाळेत शिकवलं होतं तसाच लिहिला होता. ‘आजी’ हा शब्द, पुढे आडवी रेघ, आणि रेघेनंतर: बाबांची आई.

बाबांनी ते तेव्हा पाहिलं असणार, आणि एक अक्षर न खोडता पत्र पेटीत टाकलं असणार. गुरुजींनी आजीला ते वाचून दाखवलं असेल. सुतळीच्या त्या गठ्ठ्यात ते सगळ्यात वर होतं.